रीळ कोणीकडे धावेल?

शिवणाच्या दोऱ्याचे एक रीळ घ्यावे. त्याच्या दोन्ही कडा उंच असाव्या व मधला दोरा बराचसा संपलेला असावा, म्हणजे खेळ चांगला रंगतो. ते मेजावर अशा रीतीने ठेवावे की चाकाप्रमाणे घरंगळू शकेल. दोऱ्याचे टोक रिळाच्या खालच्या अंगाने आपणाकडे काढावे व मेजाला अगदी समांतर धरावे. आता हलकेच ओढावयाचे. परंतु क्षणभर थांबावे. ओढण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने, आजीपासून धाकट्या नातवापर्यंत, एक गोष्ट सांगून टाकावी: रीळ आपणाकडे येईल, की दूर पळेल?

बहुतेकांचे उत्तर एकच येते. दोरा खालून ओढला म्हणजे तो उलगडणार, उलगडला म्हणजे रीळ मागे फिरणार, अर्थात ते दूर जाणार. तर्क सरळ दिसतो. मग दोरा ओढावा. रीळ आपणाकडे धावत येते, आणि दोरा उलगडण्याऐवजी वाटेत स्वतःभोवती गुंडाळून घेते! पाहणाऱ्यांची हसता हसता पुरेवाट होते. हसणे ओसरले की तोच दोरा जवळजवळ उभा उचलून धरावा व पुन्हा ओढावा. आता रीळ दूर जाते. दोरा तोच, रीळ तेच, ओढणारा हातही तोच. बदलली ती केवळ ओढीची दिशा.

असे का व्हावे? रीळ मेजाला जेथे टेकते तो बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो. तेथे एक खिळा ठोकला आहे आणि सबंध रीळ त्या खिळ्याभोवती कलू पाहत आहे, अशी कल्पना करावी. दोरा मेजाला समांतर असला म्हणजे त्याची ओढ खिळ्याच्या वरून जाते, म्हणून रीळ आपणाकडे कलते. दोरा उभा धरला म्हणजे आपण रिळाची अलीकडची बाजू वर उचलीत असतो, म्हणून ते पलीकडे कलते. या दोहोंच्या मध्ये एक तिरपी दिशा अशी सापडते की दोऱ्याची रेषा खाली वाढविली असता नेमकी त्या टेकणाऱ्या बिंदूतून जाते. त्या दिशेने ओढले असता रीळ इकडेही घरंगळत नाही व तिकडेही नाही, नुसते घसरते. ती दिशा हाताने शोधून काढण्यात मुलांची एक अख्खी संध्याकाळ सुखाने जाते, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे.

ज्या शास्त्रास पुस्तकी भाषेत यामिकी म्हणतात, म्हणजे वस्तूंच्या गतीचे व त्यांवर चालणाऱ्या बलांचे शास्त्र, त्यातील अशी शेकडो कोडी आहेत. त्यांचा छंद लावून घ्यावा, अशी आमची वाचक कुटुंबांस शिफारस आहे. शब्दकोडी, पत्ते, बुद्धिबळ हे छंदही चांगलेच. पण या छंदाची एक निराळी गोडी आहे. शब्दकोड्याचे उत्तर कोडे रचणाऱ्याच्या खिशात असते. येथील उत्तर रिळाजवळ असते. ते विचारण्यास शाळेतील गुरुजी लागत नाहीत, इंग्रजी लागत नाही, धर्मगुरूही लागत नाही. नियम मात्र एकच व तो कडक: आधी उत्तर बोलावयाचे, त्याचे कारण द्यावयाचे, आणि मगच वस्तूस हात लावावयाचा. ज्याने आधी काही सांगितले नाही व नंतर 'मला ठाऊकच होते' म्हटले, त्याचे गुण धरू नयेत. या एका नियमाने घरातील मोठ्या माणसांची थोडी पंचाईत होते, हे खरे. वडिलांचे उत्तर चुकले व धाकट्या मुलीचे बरोबर आले, तर रीळ वडिलांची भीड धरीत नाही.

आमच्या धर्मग्रामातील दहावीच्या वर्गातील एका मुलास आम्ही एकदा न्यूटनचा तिसरा नियम विचारला. त्याने तो अक्षरही न चुकता म्हणून दाखविला: प्रत्येक क्रियेस समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते. मग आम्ही विचारले, "बैल गाडीला जितक्या जोराने पुढे ओढतो, तितक्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते, असेच ना? मग गाडी चालते कशी?" मुलगा गप्प झाला. त्याला नियम येत होता, परंतु नियमाने बांधलेली गाडी त्याने कधी पाहिलीच नव्हती. जवळच त्याचे आजोबा बसले होते. सारा जन्म त्यांनी गाडीवर काढला. शाळेचे तोंड फारसे पाहिले नाही. ते म्हणाले, "फादर, बैल गाडी वडतोय असं दिसतं खरं, पर त्यो भुई मागं रेटतोय. भुई हलत न्हाई, म्हणून गाडी हलतीया. चिखलात घाला की, मग बघा."

उत्तर इतकेच आहे, आणि ते पूर्ण आहे. गाडी बैलास मागे ओढते हे खरे. पण ते बल बैलावर आहे आणि बैलाचे बल गाडीवर आहे. दोन निराळ्या वस्तूंवरील बले एकमेकांस खोडून काढीत नाहीत, जसे एकाच्या खात्यातील जमा दुसऱ्याच्या खात्यातील कर्जाने फिटत नाही. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्यास तितक्याच जोराने पुढे रेटते, आणि हा रेटा गाडीच्या मागच्या ओढीहून अधिक झाला की जोडी पुढे सरते. चिखलात तोच बैल, तीच ताकद, पण जमीन रेटा देत नाही. गाडी जागची हलत नाही. आम्हांस त्या सायंकाळी वाईट वाटले ते याचे की आजोबांचे ज्ञान व नातवाचे ज्ञान एकाच घरात दहा वर्षे राहिले आणि त्यांची एकमेकांशी ओळख झाली नव्हती. आजोबांस वाटे, आपण अडाणी. नातवास वाटे, विज्ञान म्हणजे परीक्षेपुरते पाठ करावयाचे वाक्य. आमच्या खेड्यांतील किती मुले या समजुतीने विज्ञान सोडून देतात, आणि मुलींस तर सोडावयासच लावतात, हे शाळेतील शिक्षक आम्हांहून अधिक चांगले सांगतील.

गाडीचा विषय निघालाच आहे, तर तिच्या चाकाकडे पाहू. गाडी भरधाव चालली असता चाकाचा कोणता भाग मुळीच हलत नाही? आसाचे टोक, असे उत्तर पुष्कळ देतात. पण आस तर गाडीबरोबर पुढे चाललेला असतो. स्थिर असतो तो चाकाचा जमिनीस टेकलेला भाग, रिळाच्या त्या खिळ्याप्रमाणे. आणि चाकाचा सर्वांत वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. आगगाडीची गंमत याहूनही मोठी. रुळाच्या आतल्या अंगास चाकाची जी कड खाली उतरलेली असते, तिचा सर्वांत खालचा भाग क्षणभर मागे जात असतो. म्हणजे मिरजेहून बेळगावकडे धावणाऱ्या गाडीचा थोडा भाग प्रत्येक क्षणी मिरजेकडे परतत असतो!

चाकाच्या धावेवर खडूचा एक ठिपका लावला व चाक भिंतीलगत चालविले, तर त्या ठिपक्याचा मार्ग कमानींच्या ओळीसारखा दिसतो. या वक्ररेषेने एकदा सबंध युरोपातील गणित्यांस जागविले. इ.स. 1696 च्या जूनमध्ये योहान बर्नुली या गणित्याने एका नियतकालिकात जाहीर आव्हान छापले: एक बिंदू उंचावर आहे, दुसरा खाली बाजूस आहे, मणी केवळ स्वतःच्या भाराने एकापासून दुसऱ्यापर्यंत कमीत कमी वेळात पोहोचावा, यासाठी तार कशी वाकवावी? सरळ तार सर्वांत आखूड, पण सर्वांत जलद नव्हे, हे गॅलिलिओस ठाऊक होते. वर्तुळाची कमान सर्वांत जलद असे त्याने 1638 मध्ये लिहून ठेविले होते. न्यूटन त्या वेळी लंडनच्या सरकारी टांकसाळीत अधिकारी होता. 1697 च्या जानेवारीच्या 29 तारखेस दुपारी चारच्या सुमारास तो थकून घरी आला तेव्हा हे कोडे त्याच्या हाती पडले, आणि पहाटे चारपर्यंत ते सोडविल्यावाचून तो निजला नाही, अशी आठवण त्याच्या भाचीने सांगितली आहे. त्याने उत्तर निनावी छापविले. बर्नुलीने ते कोणाचे हे लगेच ओळखले. उत्तर काय? त्या खडूच्या ठिपक्याची कमान उलटी टांगावी, तीच वाट. प्रथम जवळजवळ सरळ खाली उडी घेऊन वेग कमवावा आणि मग त्या वेगावर पुढचे अंतर तोडावे. विजेच्या तारा घालण्याची नळी मध्यावर उभी चिरली म्हणजे गोट्यांसाठी दोन पन्हळी मिळतात. एक सरळ, एक वाकवून, दोन्हींची टोके सारख्या उंचीवर ठेवून शर्यत लावावी. लांबच्या वाटेची गोटी आधी पोहोचते.

त्याहून सोपी शर्यत स्वयंपाकघरातील पाटावर होते. पाट एका बाजूने उचलून थोडा उतार करावा आणि त्यावरून एक गोटी, एक नाणे व एक जाड बांगडी एकाच वेळी सोडावी. नाणे व बांगडी अर्थात उभी, चाकासारखी. येथे लोक वजनाकडे पाहून पैज लावतात. कोणी आकाराकडे पाहतात. वस्तुतः वजनाचा व आकारमानाचा काही संबंध नाही. भरीव गोटी नेहमी पहिली, नाणे दुसरे, बांगडी सर्वांत मागे. गोटी लहान घ्या, मोठी घ्या, काचेची घ्या वा लोखंडाची घ्या. वस्तूचा भार जितका कडेला गेला असेल, तितका तिला फिरविण्यातच उताराच्या कमाईचा अधिक भाग खर्ची पडतो, आणि पुढे जाण्यास कमी उरतो. बांगडीचा सारा भार कडेलाच असतो. हिशेबही नेमका आहे: गोटी 30 बोटे उतरते तेव्हा नाणे 28 बोटे व बांगडी 21 बोटे उतरलेली असते. याच विचाराने ईस्टरच्या दिवशी उकडलेले अंडे न फोडता ओळखता येते. दोन्ही अंडी भिंगरीसारखी फिरवावी, बोट टेकवून क्षणभर थांबवावी व लगेच बोट उचलावे. उकडलेले थांबूनच राहते. कच्चे पुन्हा फिरू लागते, कारण त्याच्या आतील बलक थांबलाच नव्हता.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येतो. आधी बोलावे आणि मग वस्तूचा निवाडा मानावा, हा नियम मुलांच्या खेळात सोपा आहे. मोठ्या वादात तो पाळणे किती कठीण असते, हे बोलोन्या शहरातील एका येशूसंघीय धर्मगुरूच्या कथेवरून दिसेल. त्याचे नाव जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली. तो सतराव्या शतकातील नामांकित ज्योतिषी होता आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताचा मोठा विरोधक होता. त्याच मतासाठी 1633 मध्ये रोम येथे गॅलिलिओस दोषी ठरविण्यात आले होते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या निवाड्यात आपल्या ख्रिस्तसभेच्या न्यायाधीशांची चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये स्पष्ट सांगितले. असो. गॅलिलिओने नजरकैदेत असता जे शेवटचे पुस्तक पुरे केले ते 1638 मध्ये छापले गेले; त्यात पडणाऱ्या वस्तूविषयी एक नियम होता. पहिल्या क्षणात वस्तू जितकी पडते त्याच्या तिप्पट दुसऱ्या क्षणात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात, अशी ती विषम संख्यांनी पडत जाते. सेमिनरीत ज्यांनी ॲरिस्टॉटल वाचला त्यांस स्मरेल की त्या महापंडिताच्या मताने वस्तू जितकी जड तितक्या प्रमाणात ती वेगाने पडे. दोन हजार वर्षे विद्वानांत हे चालले.

रिच्चोलीने हा नियम तपासावयाचे ठरविले. पण वेळ मोजावी कशी? सेकंद दाखविणारे विश्वासू घड्याळ त्या काळी नव्हते. तेव्हा त्याने दोरीस टांगलेला लंबक घेतला, आणि त्याचा एक झोका किती काळाचा हे ठरविण्यासाठी 1642 मध्ये तो चोवीस तास हालता ठेवून त्याचे झोके मोजविले. नऊ येशूसंघीय पाळीपाळीने रात्रंदिवस मोजीत बसले होते. दिवसाचे सेकंद 86,400. झोके भरले सुमारे 88 हजार. रिच्चोलीचे समाधान झाले नाही. त्याने लंबकाची लांबी सुधारली आणि पुन्हा मोजणी करविली. आमच्या मते संबंध विज्ञानाच्या इतिहासात याहून कंटाळवाणी व याहून गोड रात्र क्वचितच झाली असेल. मग सहकारी धर्मगुरू ग्रिमाल्डी याच्यासह त्याने शहरातील आसिनेल्ली नावाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकिले. हा मनोरा सुमारे 97 मीटर उंच आहे व आजही उभा आहे. निरनिराळ्या उंचीवरून पुनःपुन्हा गोळे टाकून हिशेब मांडला, तो विषम संख्यांचा नियम बरोबर निघाला.

ज्याच्या मताशी आपले वैर, त्याचे म्हणणे आपल्याच हातून सिद्ध झाले. अशा वेळी माणसे काय करतात? कागद पेटीत घालतात. रिच्चोली व ग्रिमाल्डी उठले, आणि बोलोन्याच्या विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या काव्हालिएरी या गॅलिलिओच्या शिष्याकडे जाऊन त्यांनी त्यास ही वार्ता सांगितली. 1651 मध्ये रिच्चोलीने आपल्या मोठ्या ग्रंथात ते सारे आकड्यांसह छापले. त्याच ग्रंथात त्याने हेही नोंदविले की सारख्या आकाराचे एक जड व एक हलका असे दोन गोळे सोडले असता जड थोडा आधी पोहोचतो. हा हवेच्या अडथळ्याचा परिणाम. हवाच नसेल तर काय होते, हे 1971 च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उतरलेल्या अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट याने एका हाती हातोडी व दुसऱ्या हाती ससाण्याचे पीस धरून दाखविले. दोन्ही एकदमच खाली आली. घरी करावयाचे असल्यास वहीच्या पुठ्ठ्यावर, कडांबाहेर येणार नाही असा कागदाचा तुकडा ठेवावा व वही आडवीच सोडावी. कागद वहीवेगळा होत नाही. जाता जाता सांगण्यासारखे आणखी एक: चंद्रावरील डागांस व विवरांस आज जी नावे चालतात त्यांतील पुष्कळ याच रिच्चोलीने ठेविली, आणि त्यांतील एका अतिशय ठळक विवरास त्याने आपल्या विरोधी मताच्या जनकाचे, कोपर्निकसचे, नाव दिले.

पंडितही या कोड्यांत कसे विभागले जातात याचा आणखी एक मासला. 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणारा लुईस कॅरल हा ऑक्सफर्डला गणिताचा अध्यापक होता. कप्पीवरून दोरी टाकली आहे. एका टोकास माकड लोंबकळते, दुसऱ्यास माकडाइतक्याच वजनाचा भार आहे. माकड दोरीवर चढू लागले तर भाराचे काय होईल? 1893 च्या डिसेंबरात कॅरलने आपल्या दैनंदिनीत आश्चर्याने लिहून ठेविले की ऑक्सफर्डच्या जाणत्या मंडळींपैकी एकाच्या मते भार वाढत्या वेगाने वर जातो, दोघांच्या मते माकडाच्याच वेगाने वर जातो, आणि एकाच्या मते खाली येतो. दोरी व कप्पी अगदी हलक्या व न अडखळणाऱ्या धरल्या तर मधले दोघे बरोबर. दोरीचा ताण दोन्ही बाजूंस एकच, वजने एकच, तेव्हा दोघांची गतीही एकच. माकड कितीही धडपडले तरी भाराच्या पुढे जाऊ शकत नाही. ज्यांच्या घरी आडावर कप्पी आहे त्यांनी या कोड्याचा एक उपयोग ध्यानात ठेवावा. आपल्याहून जड वस्तू कप्पीवरून खाली सोडताना दोरी हाताला अगर कमरेला गुंडाळून घेऊ नये. भार खाली गेला की माणूस वर जातो, आणि कप्पी डोक्याशी असते.

कोडे सोडविण्याची एक युक्ती येथेच सांगून ठेवतो. तळ्यात होडी आहे, होडीत दगड आहे. दगड उचलून पाण्यात टाकला. तळ्याचे पाणी चढेल, उतरेल की तसेच राहील? विचार अडला म्हणजे गोष्ट टोकाला न्यावी. दगड चिंचोक्याएवढा पण खंडीभर वजनाचा आहे, असे समजावे. होडीत असता तो तिला खोल दाबून खंडीभर पाणी बाजूस सारीत होता. तळाशी गेल्यावर तो चिंचोक्याएवढेच पाणी सारतो. अर्थात पाणी उतरले पाहिजे. खऱ्या दगडाने थोडे उतरते, पण उतरतेच. वाटी जेमतेम मावेल अशा पातेल्यात पाणी घालून, वाटीत दगड ठेवून व पाण्याच्या पातळीवर कोळशाची रेघ मारून हे पाहावे. पातेले रुंद असेल तर फरक दिसत नाही आणि मग भांडण मिटत नाही.

हा छंद केवळ करमणुकीपुरता राहत नाही, याचा प्रत्यय आम्हांस मध्यंतरी एका कुटुंबात आला. अलीकडे मोबाईलवर अशी यंत्रे पुष्कळ दाखवितात की ज्यांस वीज नको, डिझेल नको. एकदा हाताने फिरवावे. मग मोटार जनित्र फिरविते, जनित्र मोटारीस वीज पुरविते, आणि उरलेल्या विजेवर शेताचा पंप चालतो म्हणे. असे यंत्र विकणारा एक गृहस्थ गावी येऊन गेला होता आणि त्यास आगाऊ रक्कम देण्यासाठी घरातील सोने गहाण टाकण्याचा बेत चालला होता. घरातील मोठी मुलगी आमच्या रविवारच्या कोड्यांच्या बैठकीस नेमाने येत असे. तिने वडिलांस एवढेच विचारले, "बाबा, विहिरीतलं पाणी वर चढलं, त्याचा खर्च कोणी दिला?" वडिलांस उत्तर सुचले नाही. विक्रेत्यासही सुचले नाही. रात्रभर यंत्र आपल्या अंगणात, कोठेही तार न जोडता, चालवून दाखवावे, या अटीवर तो पुन्हा आला नाही.

ही भूल नवी नाही आणि ती मूर्खांसच पडते असेही नाही. आपल्या भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिला व चाळीसगावजवळ पाटण येथे तसा शिलालेख कोरविला, त्या थोर गणित्याचे हे चाक होय. कागदावर ते फिरते. प्रत्यक्षात एका बाजूस जितका पारा खाली ओढतो तितकेच दुसऱ्या बाजूस त्यास वर चढवावे लागते, आणि आसाची घासणी उरलासुरला वेग खाऊन टाकते. अशा यंत्रांचे अर्ज इतके येऊ लागले की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्ये ते यापुढे तपासणार नाही असा ठरावच केला. एक आकडा मात्र शेतकरी वाचकांनी भिंतीवर लिहून ठेवावा. एक युनिट वीज, कोठेही गळती व घासणी नसती तर, 36 हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी 10 मीटर वर चढविते. खरा पंप याच्या पुष्कळच कमी चढवितो. त्याहून अधिक चढविण्याची भाषा जो करील त्याच्याकडून यंत्र अंगणात मागून घ्यावे.

पुस्तक हवे असेल त्यांनी रशियन लेखक याकोव्ह पेरेलमान यांचे मनोरंजक पदार्थविज्ञानावरील पुस्तक शोधावे. ते प्रथम 1913 मध्ये निघाले व पुढे अनेक भाषांत गेले. लेखक 1942 मध्ये वेढा पडलेल्या लेनिनग्राड शहरात उपासमारीने वारले. परंतु आरंभ करण्यास पुस्तक लागत नाही. एक वही करावी. डाव्या पानावर प्रत्येकाचे आधीचे उत्तर नावानिशी लिहावे, उजव्या पानावर काय घडले ते. आठवड्यास एक कोडे पुरे. अधिक घेतल्यास पोरे उत्तरे पाठ करू लागतात.

या आठवड्यासाठी एक देतो. तराजूच्या एका पारड्यात पाण्याने अर्धे भरलेले भांडे ठेवावे, दुसऱ्यात वजने घालून काटा समतोल करावा. आता भांड्याच्या तळास वा काठास मुळीच न लागता आपले बोट पाण्यात बुडवावे. बोटाचा भार तर आपल्याच हातावर आहे. भांड्याचे पारडे खाली जाईल, वर जाईल, की जागीच राहील? उत्तर पुढील अंकी छापण्याची आवश्यकता आम्हांस दिसत नाही. गावातील किराणा दुकानदार दुपारी फारसा कामात नसतो. त्याचा तराजू घटकाभर मागून घ्यावा, आणि त्यासही आधी उत्तर विचारावे.